चार फुटी का पाच फुटी

तुम्ही खोटं लिहिलंत. काउंटीच्या छापील कागदावर, शिक्का मारून, खाली ऐटीत सही ठोकून खोटं लिहिलंत: ‘सदर रस्ता वापरात नाही.’ कुणाला विचारलंत? तुमची माणसं फेब्रुवारीत आली, घोटाभर बर्फात त्या रस्त्यावर एक काळी रबरी नळी आडवी टाकून गेली आणि आठ दिवसांनी उचलून घेऊन गेली. नळीवरून एकही चाक गेलं नाही, म्हणून तुमच्या लेखी रस्ता मेला. भर फेब्रुवारीत थडग्यांना फुलं घालायला कोण जातं हो? आणि जे जातात ते खाली ओढ्यापाशी गाडी लावतात नि पायी चढतात. त्यांच्या बापजाद्यांनीही तेच केलं. पावलं मोजायची सोय तुमच्या नळीत नव्हती, आणि विचारायची अक्कल तुमच्यात नव्हती.

रस्ता यादीतून खोडलात, छाटणी बंद केलीत. केंटकीच्या या डोंगरात झुडपांना तीन उन्हाळे मोकळे दिले की काय होतं, ते तुमच्या कचेरीच्या खिडकीतून दिसत नाही. काटेरी बेरीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी पुढं आल्या आणि मधोमध एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रानगुलाबानं वरून कुलूप घातलं. आपोआप उगवलेली झाडं अंगठ्याएवढी जाड झाली, काही मनगटाएवढी.

आणि त्या कुलपाच्या पलीकडे, डोंगराच्या माथ्यावर, डेल्फिया मेसरची मुलगी आहे. दोन दिवस जगली होती. त्याला सेहेचाळीस वर्षं झाली.

जूनच्या दुसऱ्या रविवारी त्या माथ्यावर थडग्यांची सजावट असते. गवत खरवडायचं, खचलेली माती सारखी करायची, फुलं ठेवायची, आणि मग झाडाखाली चादरी पसरून सगळ्यांनी मिळून जेवायचं. गेल्या वर्षी लोक आले, जाळीपुढं उभे राहिले, आणि फुलं खाली ओढ्याच्या पुलाच्या कठड्याला बांधून परत गेले. डेल्फिया आणि तिचा नवरा आर्विल त्यात नव्हते. आर्विल तेव्हा इस्पितळात होता.

त्याचा मेंदूचा झटका तसा मोठा नव्हता, असं डॉक्टर म्हणाला. डॉक्टरला बोलायला काय जातं! उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची पाळी आली, आणि शब्द गेले. सगळे गेले, एक सोडून. आर्विलकडे उरला तो ‘मंगळवार’. भूक लागली तरी मंगळवार, रागावला तरी मंगळवार, प्रेम आलं तरी मंगळवार. झटका आला तो वार शुक्रवार होता, त्यामुळे हा मंगळवार कुठून आला ते कुणालाच कळलं नाही. डेल्फियाला कळायची गरजही पडली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचा आवाज इतका ऐकला होता, की आता शब्द नसले तरी तिचं अडत नव्हतं.

तर या वसंतात आर्विल रोज सकाळी खिडकीशी उभा राहायचा, काठी उचलून डोंगराकडे दाखवायचा आणि विचारायचा, “मंगळवार?”

“नेते,” ती म्हणायची. “सजावटीच्या रविवारी नेते. तुला गाडीत बसवून अगदी वरपर्यंत नेते.”

म्हणायला म्हणून गेली. मग कोयता घेऊन दोन दिवस त्या जाळीशी झुंजली. दोन दिवसांत चाळीस पावलं रस्ता मोकळा झाला. उरला होता पाऊण तासाचा चढ. खांदा असा धरला की स्वतःची वेणी घालता येईना. भाचे-पुतणे कारखान्यांमागं ओहायोला गेलेले. घरी बावीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर होता, पण त्याच्या मागं लावायच्या झुडपं छाटणाऱ्या कटरचा पत्रा गंजून चाळण झाला होता. रविवार आठ दिवसांवर आला. तेव्हा शनिवारी सकाळी तिनं पर्समध्ये पैशाचं पाकीट टाकलं, आर्विलला पिकअपमध्ये बसवलं आणि वापरलेला कटर घ्यायला निघाली.

“पाच फुटी घेऊ,” ती गाडी चालवताना म्हणाली. “तूच म्हणाला होतास.”

म्हणाला होता खरा. झटक्याच्या आधीच्या महिन्यात, जेवताना, मक्याच्या पावाचा तुकडा घेवड्याच्या रश्श्यात बुडवत तो म्हणाला होता, “आता घ्यायचा तर पाच फुटी घ्यायचा. चार फुटी कटर म्हणजे निवृत्त पाद्र्याचं खेळणं.” कटरबद्दलचं त्याचं हे शेवटचं अख्खं वाक्य. माणसाची वाक्यं संपली की उरलेल्या वाक्यांना किंमत येते. डेल्फियानं हे वाक्य मनात जपून ठेवलं होतं.

पहिला थांबा लॅनी बार्जरचा. लॅनी चाळिशीचा, हायवेच्या कडेला जुनी अवजारं विकणारा. त्याच्याकडचा पाच फुटी कटर नारिंगी रंगात असा झळकत होता की डोळे दिपावेत.

“या या, मॅम! कालच आलाय. एका म्हाताऱ्याचा होता. फार जपून वापरला त्यानं. फक्त रविवारी बाहेर काढायचा.”

“रविवारी? म्हणजे चर्चला कटर घेऊन जायचा का?”

लॅनी हसला, पण जरा उशिरा.

आर्विल खाली उतरला. कटरभोवती पाय ओढत एक फेरी मारली आणि काठीच्या टोकानं पत्र्यावर ठोकत चालला. ठण्. ठण्. ठण्. मग थप्. तो थांबला. परत ठोकलं. थप्. त्यानं डेल्फियाकडे पाहिलं.

डेल्फियानं त्याचाच चाकू पर्समधून काढला आणि तिथला रंग खरवडला. रंगाखालून भेगा बुजवायची राखाडी लांबी निघाली, नि लांबीखालून बोटभर लांब चीर.

“ही काय रे पोरा, म्हाताऱ्यानं चर्चमध्ये पाडली?”

“अहो, वरवरची आहे ती—”

ती गुडघ्यावर बसली आणि ठोकळ्यांवर चढवलेल्या कटरच्या खाली हात घातला. खालची दोन पाती आपापल्या बोल्टभोवती मोकळी फिरायला हवीत. दगड लागला की मागं सरतात, म्हणून वाचतात. ही गंजून जागीच गच्च बसली होती. मग तिनं वरच्या गिअरबॉक्सचं बूच काढून बोट बुडवलं. तेल निघायला हवं होतं. निघालं ते लोण्यासारखं घट्ट ग्रीस.

“सील गळतंय म्हणून ग्रीस कोंबलंस होय?”

“ग्रीस तेलापेक्षा चांगलं, मॅम. सगळे आता तेच घालतात.”

“मग आधी तुझ्या ट्रकच्या इंजिनात घाल. मी उभी राहते बघायला.”

तेवढ्यात आर्विलनं डावं बोट शाफ्टमधल्या एका बोल्टच्या डोक्यावर टेकवलं. तिथं सहा रेघा कोरलेल्या होत्या. सहा रेघा म्हणजे कडक पोलाद. तो बोल्ट मऊ असावा लागतो. पातं खडकावर आपटलं की त्यानं तुटून जायचं आणि गिअरबॉक्स वाचवायचा, त्याचं कामच ते. त्या जागी कडक बोल्ट घालणं म्हणजे भांडण नको म्हणून घरातली खिडकी खिळे ठोकून बंद करणं. पुढं भिंत पडते.

“मंगळवार!” आर्विल गरजला.

“काय म्हणाले हे?” लॅनीनं विचारलं.

“तुझ्या आईला ऐकवण्यासारखं नाही ते,” डेल्फिया म्हणाली आणि आर्विलचा कोपर धरून त्याला गाडीकडे घेऊन गेली.

गाडीत बसल्यावर दोघांना हसू फुटलं. झटक्यानंतर आर्विलचं हसू अर्ध्याच तोंडात यायचं. तिनं ते अर्धं डोळे भरून पाहिलं आणि गाडी सुरू केली. अवजारं पारखायला ती शिकली होती ती त्याच्याच बाजूला अठ्ठेचाळीस वर्षं पाने देत आणि बॅटरी धरत. ‘जरा वर धर. वर म्हणतोय मी, छताला नव्हे.’ तेव्हा तिला त्या बोलण्याचा राग यायचा.

दुसरा पत्ता तिनं पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावरून उतरवून घेतला होता. चिठ्ठी अशी: ‘कटर तीन. विकणे आहेत. सगळं चालतं. घासाघीस नको, माझा गुडघा दुखतो. कॉय स्टिडम.’

कॉय चौसष्ट वर्षांचा, लांबोडका, हनुवटीवर दाढीचे खुंट. त्याच्या कोठाराबाहेर तीन कटर ओळीनं मांडलेले होते: सहा फुटी, पाच फुटी, चार फुटी. एकावरही रंग नव्हता. गंज होता तो उघडा होता.

“रंग नाही दिला?” डेल्फियानं विचारलं.

“रंग दिला की खाली काय आहे ते मीच विसरतो. मग खोटं बोलणं सोपं पडतं. कशासाठी हवाय, मिस डेल्फिया?” दुकानातली तोंडओळख होती, आणि वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे ‘मिस’च म्हणतात.

इथं डेल्फियानं चूक केली. अशी चूक याच डोंगरातली माणसं करतात.

आमच्याकडे थडग्याच्या कामाचे पैसे कुणी घेत नाही. खड्डा खणायचा असो, वाट साफ करायची असो. शेजारी येतो, काम करतो, कॉफी पिऊन जातो. पैशाचं नाव काढलंत तर तो तुमच्याकडे असा पाहील की जणू तुम्ही त्याच्या तोंडात मारलीत. आणि याच कारणानं, ज्याला फुकट काही घ्यायचं नसतं, तो माणूस थडग्याचं नावच काढत नाही. वस्तू विकत घ्यायला जाऊन थडग्याचा विषय काढणं म्हणजे झोळी पुढं करणंच. मेसर घराण्यानं आजवर झोळी पुढं केली नव्हती.

“पडीक रान आहे,” डेल्फिया म्हणाली. “सपाट.”

आर्विलनं झटकन मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“ट्रॅक्टर केवढा?”

“बावीस एचपी.”

कॉयनं गाल खाजवला. “चढ-उताराचं असतं तर मी चार फुटीच दिला असता. सपाट असेल तर पाच फुटी न्या. जरा जड आहे तुमच्या ट्रॅक्टरला, पण सपाटीवर हळू चालवलात तर ओढेल. बघा, हवं तितकं बघा.”

ती बघत बसली. पत्रा सगळीकडे ठण् वाजला. पाती मोकळी फिरली. गिअरबॉक्समधून मधासारखं तेल आलं, पाण्याचा पांढुरका रंग त्यात नव्हता. पात्यांच्या वरच्या दांड्याला कुंपणाची तार गुंडाळलेली आहे का तेही तिनं बोटांनी चाचपलं, नव्हती. तिनं पाती दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. हिसका नाही, खडखड नाही. माल खणखणीत होता. किंमतही रास्त. तिच्या मनावरचं ओझं उतरलं. आर्विलचं वाक्य खरं करता येणार होतं.

तिनं पाकीट काढलं.

“मंगळवार,” आर्विल म्हणाला.

“झालं रे, हेच घेतोय. पाच फुटी.”

“मंगळवार.” तो चार फुटी कटरपाशी गेला आणि त्याच्या पत्र्यावर चक्क बसला.

“ऊठ. गंज लागेल पँटला. अरे तूच म्हणाला होतास ना, पाच फुटी घ्यायचा म्हणून? पाद्र्याचं खेळणं म्हणून कुणी हिणवलं होतं?”

“मंगळवार!”

“आता नवीन काही सांगू नकोस मला!” तिचा आवाज चिरकला. “एकच गोष्ट तू मला नीट सांगितलेली आहेस. एकच. ती तरी मला करू दे.”

कॉय दुसरीकडे बघू लागला. नवरा-बायकोच्या मधे उभं राहणाऱ्या माणसाला जसं वाटतं तसं त्याला वाटत होतं.

आर्विल उठला. त्यानं डाव्या हातानं काठी उलटी धरली आणि कोठारापुढच्या धुळीत एक तिरकी रेघ ओढली. डोंगर. मग रेघ मोडली, परत वळवली. एक वळण, दुसरं वळण. दुसऱ्या वळणाशी रेघ जवळजवळ उभी झाली. शेवटी वर एक उभी काठी आणि तिच्यावर फराटे: झाड. मग त्यानं डेल्फियाच्या खांद्यावरून पर्स काढून घेतली, त्या उभ्या रेघेवर ठेवली, आणि कॉयच्या टेबलावरचा मोठा पाना उचलून पर्सच्या मागच्या कडीत अडकवला. हात सोडला.

पर्सचं पुढचं तोंड वर उचललं गेलं आणि पर्स मागं उलटी पडली. गोळ्यांची डबी, रुमाल, पेपरमिंट, चष्मा, सगळं धुळीत.

आर्विलनं त्या पालथ्या पर्सकडे बोट दाखवलं. मग पर्सच्या खाली. मग डेल्फियाकडे.

“मंगळवार,” तो म्हणाला, अगदी हळू.

डेल्फियाला कळलं: पर्स म्हणजे ट्रॅक्टर, पाना म्हणजे पाच फुटी कटर, आणि खाली ती. पाच फुटीचं वाक्य त्यानं खालच्या सपाट कुरणासाठी म्हटलं होतं. आणि तेव्हा ट्रॅक्टरवर बसणार होता तो. ती नव्हे.

ती खाली बसून गोळ्या वेचू लागली. तिला वर बघवेना.

कॉय मात्र धुळीतल्या त्या रेघांकडे टक लावून बघत होता. “हे सपाट रान?”

तो रेघेच्या कडेकडेनं वरच्या झाडापर्यंत चालत गेला.

“दोन वळणं. दुसऱ्या वळणाला चढ असा की पुढची चाकं हवेत जातील की काय असं वाटतं. आणि माथ्यावर सेडारचं झाड.” त्यानं टोपी मागं सरकवली. “मिस डेल्फिया, हा रस्ता मी अकरा वर्षं छाटला. काउंटीचा ठेका होता माझ्याकडे. तुम्ही मला खोटं सांगितलंत. मी तुम्हाला पाच फुटी विकला असता आणि पुढच्या आठवड्यात तुमच्यासाठीच खड्डा खणायला आलो असतो.”

“माझं चुकलं,” डेल्फिया म्हणाली.

“चुकलंच. वर कोण आहे तुमचं?”

“मुलगी. आयव्हा.” तिनं पर्सची चेन लावली. “लहान दगड आहे. सेडारच्या पलीकडे.”

कॉयचा चेहरा बदलला. तो उलट्या बादलीवर बसला, दुखरा गुडघा लांब करून.

“पावाच्या लादीएवढा? ओढ्यातला, निळसर?”

“हो.”

“नाव नाही, काही नाही.”

“ह्यानंच ओढ्यातून आणला होता. विकतचा नको म्हणाला.”

“पहिल्या वर्षी मला तो दिसलाच नाही,” कॉय म्हणाला. “रस्त्याचेच पैसे मिळायचे, पण एवढं वर चढल्यावर थडग्यांचं गवत तसंच कसं सोडायचं? तेही छाटायचो. तर पातं त्याच्यावर बसलं. बोल्ट तुटला, दगडाचा एक कोपरा उडाला. उतरून बघतो तर दगडाच्या पुढं एवढीशी, हातभर जागा. अहो, हातभर. मी तिथंच टोपी काढली. माफी मागितली. कुणाची मागतोय ते माहीत नव्हतं.” त्यानं आर्विलकडे पाहिलं. “तेव्हापासून दहा फूट अलीकडेच कटर वर उचलून घ्यायचो. वळसा घालायचो. दगडाभोवती गोल गवत सोडून द्यायचो. जूनच्या आधी एकदा, ऑगस्टात एकदा. आणि ऑगस्टात बघावं तर मी सोडलेलं गोल कुणीतरी हातानं कापलेलं. असं नीट, जसं काही न्हाव्यानं कापलंय. दर वर्षी. मला वाटायचं, हा कोण आहे बाबा?”

“मेंढ्यांची कातर होती,” डेल्फिया म्हणाली. “हा होता.”

आणि तिला आठवलं, आर्विल दर जूनमध्ये डोंगर उतरून यायचा, बूट दाराशी काढायचा आणि म्हणायचा, ‘वर छाटणारा माणूस शहाणा आहे, डेल्फी. तिला वळसा घालून जातो.’ दोघं कधी भेटले नव्हते. दहा वर्षं गवतातूनच त्यांचं बोलणं चाललं होतं.

आर्विलचा चेहरा वाकडा झाला, झटक्यानं नव्हे. तो कॉयपुढं गेला आणि डावा हात पुढं केला. कॉयनं उजवा पुढं केला, मग चूक लक्षात येऊन डावा केला. बराच वेळ धरला.

“मी नंतर गेलो नाही,” कॉय म्हणाला. “पत्र आलं होतं मला. रस्ता आता काउंटीचा नाही, आत ट्रॅक्टर घातलास आणि काही झालं तर जबाबदारी तुझी. मी घाबरलो. तीन वर्षं खालून गाडी नेताना मान दुसरीकडे करत होतो. चार फुटी घेऊन जा. पैसे नकोत.”

“का म्हणून नकोत?”

“कामच तसं आहे ते.”

“म्हणूनच सांगितलं नव्हतं मी तुला!” डेल्फिया भडकली. “विकायला ठेवलायस, विक!”

“नाही विकत जा!”

“फळ्यावर चिठ्ठी कशाला लावलीस मग? शोभेला?”

आर्विलनं तिच्या हातातलं पाकीट घेतलं, कॉयच्या शर्टाच्या खिशात खुपसलं आणि खिशावर पंजा दाबून धरला. कॉयनं तो हात काढायचा प्रयत्न केला. आर्विलचा एकच हात चालत होता, पण सगळं आयुष्य कामात गेलेला हात तो.

“बरं,” कॉय शेवटी म्हणाला. “कटरचे घेतो. छाटायला येईन त्याचे घेणार नाही. आणि त्यावर एक शब्द बोललात तर हे पैसे ओढ्यात टाकीन.”

“मंगळवार,” आर्विल म्हणाला. आणि व्यवहार ठरला.

कॉयनं तंबाखूच्या डबीत डझनभर मऊ बोल्ट दिले. ट्रॅक्टरच्या पुढं लावायला दोन लोखंडी वजनं दिली. ती गाडीत चढवताना म्हणाला, “अंगठ्याएवढं खोड याला चालेल. मनगटाएवढं दिसलं की थांबायचं, तिथं मी करवत घेऊन आहे. आणि दुसऱ्या वळणावर तोंडानं चढायचं नाही. ट्रॅक्टर फिरवायचा आणि उलटा चढवायचा, जड बाजू डोंगराकडे. कळलं?”

“कळलं.”

“खोटं नाही ना सांगत आता?”

“गप रे!”

गुरुवारी सुरू केलं. कॉय पुढं करवत घेऊन लंगडत चालला होता, मागं डेल्फिया. आर्विल खाली ओढ्यापाशी पिकअपमध्ये, खिडकीची काच खाली करून बसला. त्याला दिसत काहीच नव्हतं. ऐकू येत होतं. इंजिनाचा आवाज जरा जड झाला की तो हॉर्न वाजवायचा, नि डेल्फिया तिथल्या तिथं कटर उचलायची. एकदा हॉर्न आला तेव्हा तिला काहीच चुकलेलं वाटलं नव्हतं. तरी उतरून पाहिलं. गवतातल्या कुंपणाच्या जुन्या तारेचं टोक पात्यांच्या दांड्याला गुंडाळायला लागलं होतं.

“इथवर बसून कसं कळलं त्याला?” कॉय म्हणाला.

“त्याला माझ्या खोकल्यावरून कळतं की मी मीठ जास्त घातलंय,” डेल्फिया म्हणाली.

दुसऱ्या वळणावर कॉयनं सांगितलं होतं तसंच तिनं केलं. ट्रॅक्टर फिरवला, उलटा गिअर टाकला, मान मागं वळवून इंचाइंचानं चढली. पुढची चाकं जमिनीवरच राहिली. दोन दिवसांत तीन बोल्ट तुटले, प्रत्येक वेळी गिअरबॉक्स वाचला. शुक्रवारी दुपारी सेडार दिसला. तिथं तिनं इंजिन बंद केलं आणि पुढचं पायी गेली. दगड जागेवर होता. कोपरा उडालेला.

रविवारी पिकअप पहिल्या गिअरमध्ये वर गेली. आर्विल आत, मांडीवर सफरचंदाच्या थरांचा केक. मागून माणसं पायी चढली. कुणी कोंबडी आणि उकडलेल्या कणकेच्या गोळ्यांचं पातेलं दोघांत धरून, कुणी कागदी फुलं. आर्विलला दगडापाशी खुर्चीत बसवलं. त्यानं डाव्या हातात कातर घेतली. त्याला पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता तास लागला. कॉय मदतीला पुढं झाला, तर डेल्फियानं त्याची बाही मागं ओढली. गोल वाकडं झालं. एका बाजूला गवत वीतभर उंच राहिलं. तिनं ते तसंच राहू दिलं, आणि त्याच्या गुडघ्यावरचं गवत झटकून त्याच्यासाठी ताट वाढायला गेली.

त्या दिवशी एकतीस माणसं त्या माथ्यावर जेवली. तुमच्यातलं कुणी नव्हतं, म्हणून सांगून ठेवतो. डेल्फिया सत्तर वर्षांची आहे. कॉय चौसष्टचा, तेही एका गुडघ्यावर. आर्विल फक्त ऐकू शकतो. आणखी पाच वर्षं हे तिघं तो रस्ता मोकळा ठेवतील, फार तर सात. त्यानंतर तिथवर कुणी चढायचं आणि कशानं? हाच प्रश्न डेल्फियानं सोमवारी सकाळी तुमच्या खिडकीवर लेखी दिला. खाली एकतीस सह्या होत्या, त्यातली एक डाव्या हातानं केलेली, वाकडी. तुमच्या बाईंनी शिक्का मारला आणि तीस दिवसांत उत्तर येईल म्हणाल्या. आज एकेचाळिसावा दिवस आहे. फोन नको, सहानुभूतीचं कार्ड नको. तुमच्याच त्या छापील कागदावर, तसाच शिक्का मारून, तशीच सही करून लिहा: पुढं तो रस्ता कोण छाटणार?